मारुती ८०० मध्ये टर्बो रोटरी? कोणी लिहिलंय हे!

इंदुरातल्या गाडीवेड्या ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय की टर्बो रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात, वर जास्त हवा कोंबणारा टर्बो) बसवायच्या प्रोजेक्टसाठी सगळ्यात बेस्ट गाडी म्हणजे जुनी मारुती ८००. कारणं काय, तर गाडी हलकी, इंजिन फक्त १३०० सीसीचं म्हणून आरटीओची कटकट नाही, हलणारे पार्ट तीनच म्हणून मेंटेनन्स नाही, टर्बोने मायलेज वाढतं, आणि ह्याच टर्बो रोटरीने म्हणे ल मांची (फ्रान्समधली २४ तासांची) रेस जिंकली. मी सोडून दिलं असतं, पण माझा भाचा हे वाचून देवास नाक्याकडे एका ८०० ला बयाणा द्यायला निघालाय.

हलकी आहे, मान्य, साडेसहाशे किलोच्या आसपास. पण भिया, ८०० चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं गाडी ओढतात. माझदाची १३बी ही दोन रोटरांची रोटरी त्यांच्या आरएक्स-७ स्पोर्ट्स कारमध्ये उभी (गाडीच्या लांबीत) बसायची, तिच्यामागे गिअरबॉक्स, मग ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट, मग मागे ती चाकांना वाटणारं डिफरन्शियल. ८०० त यातलं काहीच नाही, म्हणजे फ्लोअर कापा, शाफ्टसाठी टनेल बनवा, मागचा ॲक्सल दुसऱ्या गाडीचा आणा. मग ८०० चं उरलं काय, दरवाजे? बरं, हट्टाने पुढूनच ओढवायची म्हटलं तर तिचा गिअरबॉक्स साठेक न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनलाय, आणि ट्विन टर्बो १३बी आरएक्स-७ मध्ये आली तेव्हाच २५५ पीएस आणि २९४ न्यूटन मीटर देत होती. जवळपास पाचपट! चाकं १२ इंची, त्यात मावेल तेवढाच ब्रेक. अख्ख्या मेसेजात ब्रेक हा शब्दच नाहीये, मी शोधून बघितला.

वर गरमी आहेच. रोटरीत व्हॉल्व्ह नसतात, पोर्ट (भिंतीतलं भोक) उघडला की तापलेला गॅस धाडकन बाहेर, म्हणून एक्झॉस्ट भयंकर तापतं (टर्बोला तेच लागतं, त्यामुळे जोडी जमते हे खरं आहे). रोटर आतून ऑइलने थंड होतात, म्हणजे ऑइल कूलर शोसाठी नाही, लागतोच. रेडिएटर, ऑइल कूलर, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), तिघांनाही समोरून हवा पाहिजे आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर. ८०० च्या एवढ्याशा नाकात हे बसवणार कुठे?

आता १३०० सीसी. एका रोटरचे ६५४, दोनाचे १३०८, आकडा बरोबर. पण प्रत्येक रोटर शाफ्टच्या एका फेऱ्यात एक पॉवर स्ट्रोक देतो, फोर स्ट्रोक पिस्टनवाल्याला तेवढ्यासाठी २.६ लिटर लागतात. जपानमध्येसुद्धा गाडीच्या टॅक्ससाठी रोटरीचे सीसी दीडपट धरतात. आणि आपल्या आरटीओला सीसीशी एवढंच घेणंदेणं नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ काढून वाचा, आरसीवर कंपनीचे जे मूळ तपशील आहेत त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. शिक्षा कलम १८२-ए मध्ये आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर इंजिन नंबर असतो रे, नुसते सीसी नसतात! उद्या कोणाला ठोकलं तर इन्शुरन्सवाल्यांच्या हातात क्लेम नाकारायला आयतं कारण.

तीन पार्टवाली गोष्ट अर्धी खरी आहे, दोन रोटर आणि एक शाफ्ट, मोजणी चुकलेली नाही. पण रोटरच्या प्रत्येक टोकाला एपेक्स सील (गॅस अडवणारी पट्टी) असते आणि साध्या पेट्रोलवर बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवून इंजिन नॉक झालं (पेट्रोल अवेळी भडकलं) की पहिली तीच तुटते, तिचे तुकडे एक्झॉस्टमधून टर्बोत जातात, मग बसा दोन्ही खोलत. शिवाय हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल जाळतं, लेव्हल सारखी बघावी लागते. मायलेजबद्दल बोलायलाच नको. आणि १९९१ ला ल मां जिंकलेल्या माझदा ७८७बी मध्ये चार रोटर होते, टर्बो एकही नव्हता.

भाच्या, घ्यायचीच तर हिंदुस्तान मोटर्सची जुनी काँटेसा बघ. मागची चाकं फिरतात, इंजिन उभं, बॉनेट लांबलचक, कूलर लावायला जागा. ब्रेक आणि मागचा ॲक्सल तिथेही बदलावाच लागेल, आणि ती रस्त्यावर नाही, ट्रेलरवर टाकून ट्रॅकवरच न्यायची. प्रीमियरची ११८ एनई पण मागच्या चाकांवर चालते, पण अंगाने लहान. मारुती जिप्सीचं नाव कोणी काढलं तर तिचे ट्रकसारखे लीफ स्प्रिंग आणि उंची आठवायची. माझदाने भारतात कार विकल्याच नाहीत, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं बाहेरून येणार, तेव्हा आधी ते कागदांसकट हातात येऊ दे. गाडी त्यानंतर. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) क्रॉसमेंबरला (पुढच्या आडव्या पट्टीला) लागतो का, गिअर लिव्हर कुठे निघतो, हे टेप लावून मोजल्याशिवाय कुठल्याच गाडीवर पैसे लावायचे नाहीत.