खुलासा : हलका माल म्हणजे स्वस्त कुरियर नव्हे

घरून जुन्या-नव्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: ‘हलका माल घ्या, कुरियरचा खर्च वाचतो.’ हे अर्धंच खरं आहे. बहुतेक कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे लावतात. आकारमानी वजन काढायचं तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. येतं ते किलोत. (काहींचा भाजक वेगळा असतो, आधी विचारून घ्या.)

सव्वा किलोचं जाकीट ४० × ३० × २० च्या खोक्यात घातलं, की बिल ४.८ किलोचं. तेच घडी घालून ३० × २५ × १० मध्ये बसवलं तर दीड किलोचं. लॅम्पशेडसारख्या वस्तू दाबता येत नाहीत. तिथे नफा खोकंच खातं.

खोकं चिकटपट्टीने बंद करून झाल्यावरच माप घ्या. जास्त कोंबलेलं खोकं मधोमध फुगतं, आणि कंपनीचं यंत्र फुगवट्यावरच मोजतं. फरकाची रक्कम नंतर कापली जाते, म्हणून मोजपट्टी लावलेला फोटो ठेवा. पुस्तकांना आकारमानाचा फटका सहसा बसत नाही, ती काट्यावरच महाग पडतात.