विचारून विणावे

क्रोशाची भेटवस्तू अचानक हातात ठेवून कोणाला चकित करू नये, विणण्याआधी त्या माणसाला विचारावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. हे मत विणणाऱ्या मैत्रिणींना फारसे रुचत नाही, याची मला कल्पना आहे. विचारले की गंमत जाते, असे त्या म्हणतात. जाते हे खरे, पण ती गंमत बहुतेक वेळा देणारीचीच असते. घेणारीच्या वाट्याला अशी एक वस्तू येते, जी तिला वापरता येत नाही, पुढे कोणाला देताही येत नाही, आणि देणारी घरी यायची असली की कपाटाच्या तळातून काढून दर्शनी ठेवावी लागते.

आपल्याकडे विचारण्याची पद्धत पडली नाही, याचे कारण मला आपल्या घरांतल्या जुन्या क्रोशात दिसते. रुखवतात मांडलेले ताटावरचे रुमाल, दाराचे तोरण, टीपॉयवरचा गोल, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर घातलेली पांढरी जाळीदार आच्छादने, या सगळ्या वस्तू घराच्या होत्या, कोणा एकाच्या अंगावरच्या नव्हत्या. तोरण दोन इंच लांब झाले म्हणून दाराने कधी तक्रार केली नाही. आता आपण विणतो ते बहुतेक अंगात घालायचे किंवा खांद्याला अडकवायचे असते: कुडत्यावरचे जाकीट, स्टोल, बाळाचे कपडे, पिशव्या. घेणाऱ्याचे माप, त्याची त्वचा, त्याचा प्रवास आणि त्याच्या घरची धुण्याची सोय यांचा विचार त्यात करावाच लागतो, आणि यांपैकी एकही गोष्ट आपल्याला घरबसल्या कळत नाही.

मुंबईत तर हवेसाठीच विचारावे लागते. लोकरीचा गुंडा दुकानात कितीही देखणा दिसला, तरी मे महिन्यात दादरच्या फलाटावर ती लोकर गळ्याभोवती कोण गुंडाळून घेणार? पण याच शहरात दुसरेही एक हवामान आहे. २०१७ च्या डिसेंबरात पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली, पुढे तशा गाड्या वाढल्या, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांत तर बायका बाराही महिने खुर्चीच्या पाठीवर शाल ठेवून काम करतात. तेव्हा एखादीला बारीक सुती दोऱ्याचा हलका स्टोल रोज लागतो, आणि तिच्याच शेजारच्या इमारतीत राहणारीला तो वर्षातून एकदाही लागत नाही. मैत्रीण साध्या डब्यात उभी राहून जाते की एसी गाडीने, कामाच्या ठिकाणी तिच्या डोक्यावर थंड हवेचा झोत येतो का, हे विचारल्याशिवाय कसे समजावे?

धुण्याचेही तसेच आहे. सुती दोऱ्याची जाड वीण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग तिला कुबट वास लागतो. अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम दोरा लवकर वाळतो, पण तो घाम शोषत नाही. शिवाय एकदा कडक इस्त्री फिरली की त्याची वीण चपटी आणि ढिली पडते आणि पुन्हा कधीही उभारी धरत नाही. ज्या घरात सगळे कपडे सरसकट मशीनमध्ये जातात आणि तिथून थेट इस्त्रीवाल्याकडे, त्या घरात अ‍ॅक्रिलिकचा झगा देणे म्हणजे तो वाया घालवणे होय. म्हणून मी आवड विचारायच्या आधी कपडे कोण धुते हे विचारते. हा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण उत्तर खरे देतात.

‘तुझ्यासाठी काही विणू का, आवडेल का?’ असे विचारून मात्र काही हाती लागत नाही. या प्रश्नाला आपल्यात ‘नको’ असे उत्तर देण्याची रीतच नाही. मावशी म्हणते, ‘अगं, तू काहीही केलंस तरी मला आवडेल,’ आणि आपण तेवढ्यावर सुई हातात घेतो. त्यापेक्षा तिच्या रोजच्या वापरातले काय आहे ते पाहावे आणि त्याच्याविषयी विचारावे. शिंप्याकडे आपण जसा मापाचा ब्लाउज देतो, तसा अंगाला नीट बसणारा एखादा कपडा मागून घ्यावा. खांदा आखडलेल्या वयस्कर बाईला डोक्यातून घालायचा स्वेटर देऊ नये. हात वर न नेता चढवता येईल असा, पुढून बटणांचा, सैल बाह्यांचा द्यावा. हे सुचायला फार कल्पकता लागत नाही, फक्त त्या बाई सकाळी कपडे कशा घालतात हे माहीत असावे लागते.

माप मिळाले तरी नमुना विणून पाहणे चुकवू नये, आणि इथे विणणाऱ्या बायका सर्वांत जास्त आळस करतात. दहा सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, तो धुवायचा, वाळवायचा आणि मग त्यातले टाके मोजायचे. दहा सेंटिमीटरला वीस टाके येतील असे गृहीत धरून नव्वद सेंटिमीटर छातीसाठी आपण एकशे ऐंशी टाके घेतले, आणि आपला हात सैल असल्यामुळे प्रत्यक्षात अठराच बसत असले, तर कपडा शंभर सेंटिमीटरचा होतो. दोन टाक्यांचा फरक नमुन्यात डोळ्यांना दिसतही नाही. अंगावर तो चार बोटांहून अधिक लोंबतो. सुती कपडा तर स्वतःच्या वजनानेही खाली ओढला जातो, म्हणून नमुना काही वेळ टांगून ठेवून मग मोजलेला बरा. क्रोशाची सोय अशी की सुईवर एका वेळी एकच फास जिवंत असतो. चुकले तर तेवढा मोकळा करायचा, दोरा ओढायचा आणि हव्या त्या ओळीपर्यंत उसवत मागे जायचे. पण ते घेणारीच्या अंगाला अर्धवट कपडा लावून बघितला तरच उपयोगाचे, आणि गुपित राखायचे असेल तर लावून बघणार कसे?

बाळंतविडा हा मात्र असा प्रकार आहे की तिथे विचारणे मी सक्तीचे मानते. टोपडे, पायमोजे आणि दुपटे हे त्रिकूट प्रत्येक विणणारीला हमखास सुचते, कारण ते लहान असते, लवकर होते आणि फोटोत गोड दिसते. आता त्याच पायमोज्यात दोन बोटे घालून तो आतून चाचपून बघावा. दोऱ्याचे एखादे सुटे टोक किंवा लांब फास आत राहिलेला असला, तर तो बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो, आणि बाळ का रडते आहे हे मोजा काढेपर्यंत कोणाला कळत नाही. म्हणून मी पायमोजे आणि दुपटी मुक्या खांबांच्या, म्हणजे आखूड टाक्यांच्या, घट्ट विणीत करते. खांबांची, म्हणजे उंच टाक्यांची, मोकळी जाळी दिसायला सुंदर असली तरी तिच्यात इवलीशी बोटे अडकतात. टोपड्याचे लांब बंद आणि लोंबणारे गोंडे मी लावत नाही. बाहुली विणली तर प्लॅस्टिकचे डोळे न बसवता ते दोऱ्याने भरते, कारण लहान मूल ओढून काढता येईल ते ओढते आणि तोंडात घालते. आणि एवढे सगळे केल्यावरही आईला विचारावेच लागते, कारण मुंबईच्या उकाड्यात घरात टोपडे घालून झोपवलेल्या बाळाचे अंग तापते, आणि अनेक तरुण आया आता घरात टोपडे घालतच नाहीत. त्यांना त्याऐवजी पातळ सुती दुपट्यांची जोडी हवी असते. एक वाळत असताना दुसरे वापरता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

विचारायला लागले की लगेच दुसरी अडचण दाराशी येते, ती फर्माइशींची. ‘ताई, तुला काय, गाडीत बसल्या बसल्या होतं, माझ्या नणंदेच्या मुलीलाही एक करून दे ना,’ हे वाक्य ज्या विणणारीने ऐकले नाही अशी मला अजून भेटायची आहे. भेट कोणाला द्यायची हे मी ठरवते, काय द्यायचे ते घेणारीला विचारून ठरवते. ज्या मुलीला मी कधी पाहिलेही नाही, तिच्यासाठी विणणे हे काम आहे आणि कामाचे पैसे होतात. दोऱ्याचे आणि वेळेचेही. ‘वेळ तर होताच ना तुझ्याकडे’ हा युक्तिवाद मला विशेष खटकतो, कारण त्याचा इतिहास चांगला नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकाची नासाडी होऊन दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर अनेक कुटुंबांनी पोट भरले. तिथे तो कोणाचा फावला वेळ नव्हता. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली, आणि ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या बायकांचा अभ्यास करून तो १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यातले निरीक्षण असे की, तासन्‌तास राबणाऱ्या या बायकांना ‘गृहिणी’ आणि त्यांच्या विणकामाला रिकाम्या वेळेतला उद्योग समजले गेल्यामुळेच त्यांना इतकी तुटपुंजी मजुरी देता येत होती. नणंदेच्या मुलीचे टोपडे हा त्याच समजुतीचा घरगुती अवतार आहे, असे म्हटले की नातेवाईक दुखावतात, पण आहे तो तसाच.

रस्त्यावर आणि मॉलमध्ये स्वस्तात मिळणारे क्रोशाचे टॉप पाहून ‘तिकडे तर इतक्याला मिळतं’ असे सांगणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. क्रोशाचे खरे टाके घालणारे यंत्र कारखान्यांत रूढ झालेले नाही. यंत्रावर होते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. त्यामुळे समोरचा टॉप एकतर ती जाळी असते, किंवा तो कोणीतरी हातानेच विणलेला असतो आणि विणणारीच्या हाती त्यातले फारच थोडे पडलेले असते. टॉप उलटा करून टाके निरखले की यातले कोणते ते बहुधा कळते.

आता घेणाऱ्यांकडूनही थोडी अपेक्षा. विचारले असता खरे सांगावे. ‘मला क्रोशाचे काही नको, एकदा निवांत चहाला ये’ हे उत्तर मला चालते, आणि ज्यांनी ते दिले त्यांच्याशी माझे काही बिनसलेले नाही. ज्यांच्याकडे माझी एखादी वस्तू न वापरता पडून असेल, त्यांनी ती संकोच न करता परत द्यावी. शेवटचे टोक सापडले की सगळी वीण सरळ उसवता येते. दोऱ्याची लडी करायची, धुवायची, ओलसर असतानाच वजन लावून टांगायची, म्हणजे त्यातले वळ बरेचसे निघतात आणि तो दोरा पुन्हा विणायला घेता येतो. केसाळ, मऊ दोऱ्याचे मात्र उसवताना गुंते होतात आणि तो तुटतो, तेवढ्या वस्तू माझ्याकडे परत आणू नका, ज्यांना हव्या असतील त्यांना खुशाल देऊन टाका.