उदगीरकर, दाब जरूर मोजा, पण नसही बघा

शिबिरात डोळ्याच्या आतला फोटो काढून एआयकडून काचबिंदूचे संशयित शोधण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावर ‘उदगीरकर’ नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: “काचबिंदू डोळ्याचा दाब मोजून कळतो, फोटो काढून नाही. एआयचं हे कौतुक म्हणजे कंपन्यांची दलाली. जिथं लाइट टिकत नाही तिथं कसलं मशीन? आणि रिपोर्ट चुकला तर जबाबदार कोण?”

साहेब, मतभेद चालतील, ‘दलाली’ चालणार नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. मग दलाली कुणाची केली, तेवढं सांगा. टोपणनावाआडून लिहायला काय लागतं! शिबिरांत कॅमेऱ्यामागे बसणारा माणूस आहे मी, ऐकीव गोष्टींवर लिहीत नाही.

लाइटचं मान्य. टेबलावरच्या कॅमेऱ्याला इन्व्हर्टर लागतोच. हातात धरायचा कॅमेरा मात्र बॅटरीवर चालतो.

आता तुमचं पहिलं वाक्य. 10 ते 21 मिलिमीटर पारा म्हणजे नॉर्मल दाब, एवढं तुम्ही वाचलेलं दिसतं. पण दाब दिवसभर सारखा नसतो. दुपारी शिबिरात 17 भरलेला पहाटे 23 असू शकतो. कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, पातळ असला तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. शिवाय दाब कायम 21 च्या आत राहूनही डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते, असाही काचबिंदू असतो. उलट दाब 24 आणि नस वर्षानुवर्षं शाबूत, असेही लोक आहेत. नुसत्या दाबावर चाळणी लावली की पहिले बिनघोर घरी जातात आणि दुसऱ्यांच्या मागे उगीच थेंब लागतात.

नुकसान दिसतं ते नसेच्या टोकाला, डिस्कवर. मधला खळगा म्हणजे कप. नस वाळते तशी कडा झिजते आणि कप वाढतो, बहुधा वर-खाली. एआयची बरीच मॉडेल्स आधी फोटोतली डिस्क शोधतात, मग डिस्क आणि कप आखून उभं गुणोत्तर, म्हणजे कपची उंची भागिले डिस्कची उंची, काढतात. 0.7 च्या पुढं गेलं, किंवा दोन डोळ्यांत 0.2 चा फरक पडला, की संशय घ्यायचा.

चुकतं कुठं? मूळची डिस्कच मोठी असेल तर कपही मोठा दिसतो आणि मॉडेल नाहक ओरडतं. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात डिस्क तिरकी असते, आखणी फसते. मोतीबिंदू पिकलेला असला की फोटो धूसर येतो. तो ‘नॉर्मल’मध्ये न ढकलता ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला काढायचा. एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दुसरी बाहुलीही आकसते, म्हणून अंधारात दोन-तीन मिनिटं थांबायचं. रांग वाढली की नेमकं हेच टाळलं जातं. आणि डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं तो कोन अरुंद असला तर तो या फोटोत दिसतच नाही, त्याला गोनिओस्कोपीच, म्हणजे खास भिंगातून कोनाची तपासणी, करावी लागते.

हिशेबच मांडतो. चाळिशीपुढच्या 1000 जणांत 30 रुग्ण धरा. आजारी आणि निरोगी, दोन्ही ओळखण्यात मॉडेल 90 टक्के बरोबर धरा. 27 सापडतील, 3 सुटतील, आणि 97 निरोगी माणसंही संशयितांत येतील. म्हणजे 124 जणांना लातूरला किंवा अंबाजोगाईला पाठवायचं. तिथं दाब, फील्ड (नजरेच्या आवाक्याची चाचणी), ओसीटी (नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन). फोटोच नको म्हटलं तर या तपासण्यांसाठी सगळ्यांनाच पाठवावं लागेल. त्या 1000 जणांचं भाडं आणि बुडालेली मजुरी कुणी द्यायची, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत दिसलं नाही.

राहिली जबाबदारी. निदानावर सही डॉक्टरची, म्हणून जबाबदारीही त्यांचीच. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.