हळदीची बातमी कुणी दाबली? आत्याच्या मोबाईलवर आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी मिरजेला आत्याकडे गेलो तर ती पलंगावर आडवी. तोंड सुकलेलं, रात्रीतनं पाच-सहा वेळा उठावं लागतंय म्हणाली. शुगर बघितली तर उपाशीपोटी २८६. गोळ्या घेतेस का विचारलं तर आधी काही बोलेना, मग म्हणाली बारा दिवस झाले बंद केल्यात, सकाळी उठल्यावर दोन चमचे हळद कोमट पाण्यातनं घेते. आणि उशाखालचा मोबाईल काढून मेसेज दाखवला. तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला. नंतर बघतो तर तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, बायकोच्या शाळेच्या ग्रुपवर आणि माझ्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर पण.

मेसेज लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. सांगलीच्या राजापुरी हळदीने शुगर ९० दिवसांत मुळासकट जाते हे "आपल्या विद्यापीठाने" सिद्ध केलंय, पण विद्यापीठाच्या बातमी विभागात बसलेल्या लोकांनी औषध कंपन्यांकडून पाकिटं घेऊन ती बातमी दाबली. हे लोक कुलगुरूंचे फोटो छापायचा पगार खातात. पेपरात येणाऱ्या बातम्या पैसे देऊन छापून आणतात. निकाल कधी लागणार हे मुद्दाम लपवतात. आणि आता एआय आलंय तर यांना घरी बसवा. शेवटी "खऱ्या सांगलीकराने दहा ग्रुपवर पाठवा".

मी सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत अकरा वर्षं डेस्कवर होतो. विद्यापीठाच्या प्रेसनोट रोज संध्याकाळी माझ्याच टेबलावर यायच्या. त्या पाठवणारी माणसं मी बघितलीत, त्यांच्याशी भांडलोय, त्यांच्या चुका काढल्यात. त्यामुळे हा मेसेज वाचून डोकं फिरलं, आणि त्यात आत्या अंथरुणावर. म्हणून लिहितोय.

आधी हळदीचं, कारण यात माणूस मरू शकतो.

मेसेज परत नीट वाचा. कुठलं विद्यापीठ? नाव नाही. सांगली-साताऱ्यात "आपलं विद्यापीठ" म्हणलं की लोक शिवाजी विद्यापीठच धरतात, ते गृहीत धरूनच लिहिलंय, पण नाव टाकलेलं नाही. संशोधक कोण? नाही. कुठल्या जर्नलमध्ये, कुठल्या वर्षी, किती रुग्णांवर? काहीच नाही. मी डेस्कवर असताना एवढ्या माहितीवर तालुक्याच्या वार्ताहराची भजन स्पर्धेची बातमी पण लावली नसती.

आता "दाबली" म्हणजे कशी दाबली ते मला कुणीतरी सांगा. संशोधनाची बातमी कशी होते ते बघा. संशोधक निबंध लिहितो, जर्नलकडे पाठवतो, जर्नल तो दुसऱ्या तज्ज्ञांकडनं तपासून घेतं आणि छापतं. यात विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षातल्या, म्हणजे मेसेजमधल्या "बातमी विभागा"तल्या माणसाचा कुठेच हात नसतो. त्याच्याकडे विषय येतो तो शेवटी, तो पण संशोधकाने किंवा विभागप्रमुखाने कळवलं तर. मग तो अर्धं पान मराठीत लिहितो, फोटो जोडतो, पेपरांना पाठवतो. त्याने नाही पाठवलं तर पेपरात बातमी येणार नाही एवढंच, निबंध जर्नलमध्ये छापलेला असतोच. पीएचडीचं काम असेल तर प्रबंध शोधगंगावर जातो, ती प्रबंधांची वेबसाइट गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे सरकारी केंद्र चालवतं, घरबसल्या फुकट उघडते. म्हणजे शुगर मुळासकट घालवणारा शोध जर्नलमध्ये आहे, शोधगंगावर आहे, पण एका कक्षातल्या दोन-तीन माणसांनी प्रेसनोट काढली नाही म्हणून जगातल्या एका पण डॉक्टरला कळलं नाही, असं हा मेसेज म्हणतोय. आणि औषध कंपनीला असं काही खरंच सापडलं तर ती गप्प बसायला पैसे वाटेल का? तीच गोळी करून विकेल की.

हळदीबद्दल कुणी काही लपवत नाहीये, उलट हळदीइतका उघड्यावर चर्चा झालेला मसाला दुसरा नसेल. अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या लोकांना जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते, सीएसआयआरने ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरांना पण माहीत असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पहिल्या पानावर घेतलं होतं.

यात एक अर्धं खरं आहे, ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा पण लपवतोय. थायलंडमध्ये २०१२ साली एक प्रयोग झाला. २४० माणसं, नऊ महिने. अर्ध्यांना हळदीतल्या करक्युमिनचा अर्क असलेल्या कॅप्सूल, अर्ध्यांना नुसत्या तशाच दिसणाऱ्या. नुसत्यावाल्यांपैकी १६.४ टक्के लोकांना पुढे डायबेटीस झाला, अर्कवाल्यांत कुणालाच नाही. वाचायला भारी वाटतं. पण ही सगळी माणसं डायबेटीसच्या उंबरठ्यावरची होती, कुणालाही डायबेटीस झालेला नव्हता, गोळ्या बंद करायचा प्रश्नच नव्हता. आणि डोस दिवसाला दीड ग्रॅम करक्युमिनॉइड, म्हणजे करक्युमिन आणि त्याच्या जातीचे घटक. साध्या हळदीत ते साधारण ३ टक्के धरा, म्हणजे तेवढ्यासाठी रोज ५० ग्रॅम हळद खावी लागेल, आणि खाल्लेलं करक्युमिन अंगाला फार थोडं लागतं ते वेगळंच. आत्याला वीस वर्षांचा डायबेटीस आहे. तिच्या दोन चमच्यांचा आणि त्या प्रयोगाचा काही संबंध नाही. आणि हा निबंध छापला कुठे? अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या जर्नलमध्ये. काय दाबलं?

आता मुख्य गोष्ट. विद्यापीठांच्या बातमी विभागांचा दोष मला विचाराल तर मी सांगतो, आणि तो या मेसेजच्या बरोबर उलटा आहे. ते दाबत नाहीत, फुगवतात.

हे माझं मत नाही. २०१४ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या पेट्रॉक सम्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ब्रिटनच्या २० मोठ्या विद्यापीठांनी २०११ मध्ये आरोग्याच्या संशोधनावर काढलेल्या ४६२ प्रेसनोट त्यांनी घेतल्या, शेजारी मूळ निबंध ठेवले आणि त्यावरनं पेपरात आलेल्या ६६८ बातम्या ठेवल्या. कुठल्या पायरीवर काय वाढलं ते ओळीनं तपासलं. ४० टक्के प्रेसनोटमध्ये वाचकाला दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा ठाम होता. ३३ टक्क्यांत "या दोन गोष्टी बरोबर दिसतात" याचं "हिच्यामुळे ती होते" झालेलं. ३६ टक्क्यांत प्राण्यांवरच्या प्रयोगातनं माणसाबद्दल निष्कर्ष काढलेला. आणि प्रेसनोटने उंदराचा माणूस केला असेल तर ८६ टक्के बातम्यांनी पण तेच केलं, प्रेसनोट सरळ असेल तर फक्त १० टक्क्यांनी.

आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की पेपरवाले वाढवून लिहितात. हा अभ्यास म्हणतो की पुष्कळदा वाढवलेलं पेपरच्या दारात यायच्या आधीच वाढलेलं असतं. मला हे वाचून वाईट वाटलं होतं, कारण मी पण अशा नोटा जशाच्या तशा लावल्यात, संध्याकाळी सात वाजता मूळ निबंध कोण उघडून बघणार. आणि अजून एक, फुगवलेल्या नोटांना जास्त बातम्या मिळाल्या असं पण त्यात दिसलं नाही. म्हणजे फुगवून फायदा काही नाहीच.

मग विचार करा. जी माणसं उंदरावरच्या प्रयोगाची पण बातमी करायला बघतात, ज्यांचं काम विद्यापीठाचं नाव पेपरात आणणं हेच आहे, त्यांच्या हातात शुगर मुळासकट घालवणारा शोध आला, तो पण सांगलीच्या हळदीचा, तर ती गप्प बसतील? रात्री बारा वाजता फोन करून माझ्याकडनं पहिल्या पानाची जागा मागितली असती.

"बातमी अडवून ठेवतात" यात एवढंच खरं की एम्बार्गो नावाची एक पद्धत आहे. मोठी जर्नल पत्रकारांना निबंध काही दिवस आधी देतात, अटीवर, की अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही. म्हणजे पत्रकाराला वाचायला, दुसऱ्या तज्ज्ञाला विचारायला वेळ मिळतो. ठरलेली वेळ झाली की सगळ्यांना मोकळं. काही दिवसांचा मामला असतो.

बाकीचे मुद्दे पटापट घेतो.

निकाल. निकाल लावणं हे परीक्षा विभागाचं काम. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये लिहिलंय की शेवटच्या पेपरापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचा. उशीर झाला तर जाब परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना विचारा, जरूर विचारा, माझी पुतणी पण निकालासाठी ताटकळलीय, तो राग मला कळतो. पण जनसंपर्कवाल्याला तारीख वरनं कळेल तेव्हाच तो सांगणार. आणि जनसंपर्क अधिकारी वेगळा, माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारी वेगळा, या दोघांत लोक कायम घोळ घालतात. माहिती लपवताय असं वाटत असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फॉरवर्ड करायला लागतो त्याच्यापेक्षा थोडाच वेळ जास्त जाईल.

पैसे देऊन बातम्या. प्रेसनोट फुकट येते आणि दहातल्या सहा-सात आमच्याकडे कचऱ्यात जायच्या, खरं सांगतो. पैसे लागतात ते जाहिरातीला. भरतीची, टेंडरची, प्रवेशाची. तिचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो, बिल निघतं, हिशोब राहतो. पेपरात पैसे घेऊन बातम्या छापायचा रोग आहे, निवडणुकीत तर उघड दिसतो, पण तो या कक्षातल्या माणसांच्या माथी मारू नका.

कुलगुरूंचे फोटो. हे खरं आहे. मान्य. मी अशा नोटा बघितल्यात ज्यात व्यासपीठावरच्या चौदा जणांची नावं पदांसकट आणि कार्यक्रम कशाचा होता ते शेवटच्या ओळीत. नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला बोलणी बसतात, म्हणून तो आधी नावं लिहितो. हे बदलायला पाहिजे, आणि ते बदलणं त्याच्या हातात नाही, वरच्यांच्या हातात आहे. पण तेवढंच काम ते करतात हे खोटं. २०१९ च्या महापुरात कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेली होती, निम्मी सांगली पाण्यात, पोरं पेपरच्या ऑफिसात फोन करून विचारायची की परीक्षा पुढे गेल्या का, प्रवेशाची मुदत वाढली का. ग्रुपवर कुणीतरी बनवलेली पत्रकं फिरत होती. आम्ही रात्री अकराला त्या कक्षातल्या माणसाला फोन करायचो आणि तो उचलायचा, खालच्या विभागाला विचारून परत फोन करायचा, हे पत्रक खोटं आहे, छापू नका, हे खरं आहे, हे घ्या. त्याचं स्वतःचं घर पुराच्या पट्ट्यात होतं हे मला नंतर कळलं. तो कंत्राटी होता, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. पाकिटं खाणारे म्हणून ज्यांना शिव्या घालताय त्यात असा माणूस पण येतो.

एआयचं काय, प्रेसनोट लिहून देईल. पुराच्या रात्री अकराला फोन उचलून संबंधित विभागाला विचारून खात्री करून सांगणार आहे का, बघा.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, म्हणजे साठवायचे खड्डे, जमिनीत खोल, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरलं आणि कित्येक कायमची गेली. लहानपणी आजोबांबरोबर गेलोय तिथे, पेव उघडलं की आधी दिवा सोडून बघायचे, आत हवा आहे का, मगच माणूस उतरायचा. ज्या गावाच्या हळदीचं नाव घेऊन हा मेसेज फिरतोय त्या गावच्या हमालाला पण माहीत होतं की तपासल्याशिवाय उतरायचं नाही.

आत्याच्या गोळ्या डॉक्टरांशी बोलून त्याच दिवशी चालू केल्या. आज सकाळी उपाशीपोटी १७२ आली, अजून खाली यायला पाहिजे. हळद तिला आमटीत चालेल असं डॉक्टरांनीच सांगितलंय. भिशीच्या ग्रुपवर मी हे सगळं व्हॉइस मेसेज करून टाकलं तर त्यातल्या आणखी दोघींनी गोळ्या कमी केल्या होत्या हे कळलं.

आता ज्याने कुणी हा मेसेज मला पाठवलाय त्यांना एकच मागणं. त्या संशोधनाचं नाव, संशोधकाचं नाव, जर्नल आणि वर्ष, एवढं द्या. मी निबंध काढून वाचतो आणि त्यात खरंच तसं असेल तर इथेच लिहितो. आणि तोवर ज्या ज्या ग्रुपवर पाठवलाय तिथनं डिलीट करा, आणि ग्रुपवर डायबेटीसचं कोण आहे त्याला फोन करून विचारा, गोळी घेतलीस का.