बाबांना वाटलं, मी कर्ज फेडलं

2010 च्या मार्चमध्ये मी कराडला बाबांना फोन केला आणि म्हटलं, "बाबा, घराचं फोरक्लोजर होतंय." पलीकडून आवाज आला, "अगं वा! चार वर्षांत सगळं कर्ज फेडलंस?"

त्यांची काहीच चूक नव्हती. आपल्याकडे बँकेत 'लोन फोरक्लोज केलं' म्हणजे मुदतीआधी सगळे पैसे भरून मोकळं झालं. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून तेच केलं होतं. घरावरचा बँकेचा बोजा उतरला त्या दिवशी आईने आळीत पेढे वाटले होते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ उलटा आहे. हप्ते थकले, बँक कोर्टात गेली, घर लिलावाला निघालं, की ते फोरक्लोजर. मला ते त्यांना समजावता आलं नाही. "हो बाबा, बघू," म्हणून फोन ठेवला. पुढचे चार महिने ते त्याच आनंदात होते.

हे पंधरा वर्षांपूर्वीचं आज लिहायला कारण झालं. परवा न्यू जर्सीतल्या आमच्या एका मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर शेरीफ सेलची यादी फिरली. कोणीतरी लिहिलं, "मस्त डील्स आहेत, लवकर बघा." खाली अंगठे, खाली आगीचे इमोजी. तासाभराने एका मैत्रिणीचा मला वेगळा मेसेज आला: "ताई, त्या यादीत आमचं घर आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथला शेरीफ म्हणजे मुंबईच्या शेरीफसारखं मानाचं पद नव्हे. तो काउंटीतून, म्हणजे इथल्या जिल्ह्यातून, निवडून येतो आणि कोर्टाचे हुकूम अंमलात आणतो. थकलेल्या घराचा लिलाव त्याचं ऑफिस करतं. न्यू जर्सीत 21 काउंट्या आहेत, त्यामुळे लिलावाची ऑफिसंही 21. घराचा पत्ता, निकालाची रक्कम, लिलावाची तारीख, सगळं जाहीर असतं. वर्तमानपत्रात छापून येतं, दारावर नोटीस लागते. त्यामुळे यादी फिरवणाऱ्याने बेकायदा काही केलं नाही. लिलावात घर घेणं हाही गुन्हा नाही. पण त्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे, हे आपल्या ग्रुपमध्ये एकालाही सुचलं नाही, याचा मला त्रास झाला.

आणि पुढची चर्चा त्याहून वाईट होती. "झेपत नाही तर घेतात कशाला?" "साउथ जर्सीत हे चालायचंच." म्हणून आधी त्या साउथ जर्सीबद्दल.

2015 ते 2018 अशी सलग चार वर्षं फोरक्लोजरच्या दरात न्यू जर्सी अख्ख्या देशात पहिल्या नंबरावर होतं. राज्याचा आकडा एक, पण त्याच्या आत दोन वेगळी राज्यं होती. हंटरडन, मॉरिस, सॉमरसेट या काउंट्यांत लोकांना शेरीफ सेल कुठे होतो तेही माहीत नसायचं. दक्षिणेला कंबरलँड, अटलांटिक, कॅमडेन इथे गल्लीगल्लीत नोटिसा. अटलांटिक सिटीत 2014 या एका वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले. त्यातला रेव्हेल तर जेमतेम अडीच वर्षांपूर्वी दोनशे कोटी डॉलरहून जास्त खर्चून उघडला होता. सुमारे आठ हजार लोकांची नोकरी गेली. पत्ते वाटणारे डीलर, खोल्या आवरणाऱ्या बायका, किचनमधले लोक. त्यात आपल्या उपखंडातली कितीतरी कुटुंबं होती. त्याच्या आधी, 29 ऑक्टोबर 2012 ला, सँडी वादळ त्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं होतं. पडलेल्या घराचा हप्ता आणि तात्पुरत्या जागेचं भाडं, दोन्ही एका पगारातून भरणारी माणसं ही. मग तो पगारही गेला. कंबरलँडचं व्हाइनलँड, मिलव्हिल बघा. काचेच्या कारखान्यांवर जगलेली गावं ती. कारखाने आटत गेले आणि मागे घरं उरली. आणि उत्तरेलाही, एसेक्स काउंटीत, नेवार्क, ईस्ट ऑरेंज, आयर्विंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत 2008 च्या आधी दलालांनी दारोदार जाऊन महागडी सबप्राइम, म्हणजे कमकुवत पत असलेल्यांसाठीची, कर्जं गळ्यात मारली होती.

यातल्या कोणाला सांगणार, झेपत नव्हतं तर घेतलं कशाला म्हणून? घेतलं तेव्हा झेपत होतं.

आकडा वाचतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कॅलिफोर्नियात बहुतेक फोरक्लोजर कोर्टात न जाता होतात. तिथे लाट आली आणि लवकर ओसरली. न्यू जर्सीत प्रत्येक घरासाठी बँकेला सुपीरियर कोर्टात दावा लावावा लागतो, आणि तो तीन-तीन वर्षं चालतो. म्हणजे आज एखाद्या काउंटीत लिलावाला आलेलं घर बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांपूर्वीच अडचणीत आलेलं असतं. शिवाय या आकड्यांत दाव्याची पहिली नोंद, लिलावाची नोटीस आणि बँकेने घर परत घेणं, तिन्ही धरतात. त्यामुळे एकच घर एका वर्षी पहिल्या नोटिशीसाठी मोजलं जातं आणि पुढे कधीतरी लिलावासाठी पुन्हा. नकाशावर काउंटी लाल दिसली म्हणून आज तिथली माणसं बेजबाबदार झाली, असं होत नाही.

आता माझं. आम्ही 2006 मध्ये मिडलसेक्स काउंटीत टाउनहाउस घेतलं. 2009 च्या फेब्रुवारीत नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं. माझी अर्धवेळ नोकरी होती. सात-आठ महिने साठवणीतून ओढले, मग हप्ते थकायला लागले. घरचे हिशेब मी बघते, टपालही मीच काढायचे. बँकेची पाकिटं यायला लागली तेव्हा मी ती न उघडता पँट्रीत वीस पौंडी तांदळाच्या पोत्यामागे ठेवून द्यायला लागले. पहिलं ठेवलं तेव्हा वाटलं, शनिवारी निवांत बघू. तो शनिवार आलाच नाही. नवरा रोज वीस-वीस अर्ज करत होता, त्याच्या डोक्याला आणखी ताप नको, असं मी स्वतःला सांगायचे. खरं कारण लाज हे होतं. मार्चमध्ये एक सर्टिफाइड पत्र आलं. पोस्टमन दारात उभा, पोचपावतीच्या हिरव्या कार्डावर मी सही केली, आत आले आणि तेही पोत्यामागे ठेवलं. वरच्या पाकिटाच्या खिडकीतून फोरक्लोजर एवढा एक शब्द दिसत होता. तो वाचून मी बाबांना फोन केला होता.

जुलैत कोर्टाचं समन्स घेऊन माणूस घरी आला. त्या रात्री मी पुन्हा कराडला फोन लावला आणि या वेळी सगळं खरं सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पाकिटं किती आहेत?" मी म्हटलं, मोजली नाहीत. "मोज." चौदा होती. "आता एकेक उघड आणि मला वाच. मी फोनवर आहे." त्यांना इंग्रजी कायदा कळत नव्हता, अमेरिकेचा तर नाहीच. पण कॉलिंग कार्डची मिनिटं संपेपर्यंत ते ऐकत राहिले. नवरा जिन्यावर बसून ऐकत होता.

त्या चौदा पाकिटांत काय होतं ते ऐका. चार वेगवेगळ्या पत्रांत बँकेने लिहिलं होतं की हप्ता कमी करून हवा असेल तर अर्ज करा. हिरव्या कार्डाचं पत्र म्हणजे दावा लावण्याआधीची कायदेशीर नोटीस. ती किमान तीस दिवस आधी द्यावीच लागते आणि तेवढ्यात थकबाकी भरली तर दावाच लागत नाही. ते तीस दिवस तांदळाच्या पोत्यामागे गेले होते. समन्सच्या गठ्ठ्यात कोर्टाच्या मध्यस्थीचा फॉर्म होता. बँकेचा प्रतिनिधी, आपण आणि एक त्रयस्थ मध्यस्थ यांनी एका टेबलाशी बसायचं, फी नाही. त्याला साठ दिवसांची मुदत, दाव्याला लेखी उत्तर द्यायला पस्तीस. ही दोन्ही दारं अजून उघडी होती.

न्यू ब्रन्सविकमधल्या एका संस्थेत केंद्र सरकारची मान्यता असलेल्या हाउसिंग काउन्सेलर बाई भेटल्या. एक पैसा घेतला नाही. तेव्हा ओबामा सरकारची हॅम्प नावाची योजना चालू होती, हप्ता उत्पन्नाच्या 31 टक्क्यांवर आणायची. तीन महिने चाचणीचे हप्ते, मग कायमचा करार. आमची मुदत वाढून 2050 च्या पुढे गेली. घर राहिलं.

त्याच डिसेंबरमध्ये न्यू जर्सीचे सरन्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांच्या कोर्टांनी मोठ्या बँकांना विचारलं, तुमचे दावे का रोखू नयेत ते सांगा, कारण बँकांकडून फाइल न वाचता हजारो प्रतिज्ञापत्रांवर सह्या ठोकल्या जात होत्या. त्या वेळी जे आकडे पुढे आले त्यातला एक मी विसरू शकत नाही. 2006 मध्ये राज्यात फोरक्लोजरचे दावे साधारण 22 हजार होते, 2009 मध्ये 66 हजारांवर गेले. आणि त्यातल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त दाव्यांत समोरून कोणी विरोधच केला नव्हता. नव्वदहून जास्त! बँकेचे कागद खोटे असू शकत होते, रक्कम चुकीची असू शकत होती, आणि तरी उत्तर नाही. सगळ्यांच्या घरी तांदळाचं पोतं होतं असं मी म्हणत नाही. वकिलाला पैसे नव्हते, भाषा येत नव्हती, घर आधीच सोडून दिलं होतं, अशी कारणं असणारच. पण त्या नव्वदांत मी जवळजवळ होते.

म्हणून, न्यू जर्सीची पद्धत फार संथ आहे, तिने बाजार अडकतो, असं कोणी म्हटलं की मी त्याच्याशी भांडते. हो, व्याज चढत राहतं, वकिलाचा खर्च आपल्याच बोकांडी बसतो, ट्रेंटन-नेवार्कमध्ये वर्षानुवर्षं रिकामी घरं पडून राहिली, हे सगळं खरं आहे. तरी ज्या घरात माणसं राहताहेत त्या घराला तीन वर्षं मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तीन वर्षांत नोकरी लागते. आमची लागली. फक्त ती वर्षं गप्प बसून घालवायची नाहीत. निकाल लागेपर्यंत थकबाकी भरून कर्ज पूर्ववत करता येतं. लिलावाची तारीख घरमालक स्वतः दोनदा पुढे ढकलू शकतो. लिलावानंतरही दहा दिवस सगळे पैसे भरून घर सोडवता येतं. आणि लिलावात बँकेच्या देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे घरमालकाचे असतात, पण कोर्टात अर्ज करून मागावे लागतात. घरांच्या किमती इतक्या चढल्यावर ही रक्कम लाखांत जाऊ शकते. "आधी पैसे द्या, तुमचं घर वाचवतो," असे फोन नेमके याच लोकांना येतात. त्यांना एक डॉलरही देऊ नका.

महाराष्ट्रातल्या मित्रांना हे दूरचं वाटेल, पण वर्तमानपत्रातल्या 'ताबा सूचना' तुम्हीही बघता. तिथे 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला आधी कोर्टात जावं लागत नाही. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जाणारं, मग साठ दिवसांची नोटीस. त्या नोटिशीवर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. किती कर्जदारांना हे माहीत असतं? तिथे तर हातात वेळ इथल्यापेक्षा कितीतरी कमी.

आत्ताची लाट 2009 सारखी नाही. तेव्हा कर्जच कुजकं होतं. आता बहुतेकांचं व्याज ठरलेलं आहे, पण एस्क्रो, म्हणजे टॅक्स आणि विम्यासाठी हप्त्यासोबत घेतली जाणारी रक्कम, वाढतो. न्यू जर्सीत घराचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स 2024 मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, देशात सगळ्यात जास्त. विम्याचे हप्तेही वाढले. ज्याचा महिना काठावर चालतो त्याला एका पत्राने महिन्याला तीनशे-चारशे डॉलर जास्त भरायला लागतात. त्यात आयटीतली कपात. माझ्या मैत्रिणीचं नेमकं हेच झालं. तिच्या घरात कोणी उधळपट्टी केलेली नाही. मुलीच्या भरतनाट्यमचा क्लास तिने आधीच बंद केला होता, आणि आपण सगळे तिला विचारत होतो, का गं बंद केलास, छान नाचायची.

ग्रुपवरच्या त्या पोस्टखाली मी एवढंच लिहिलं की ही यादी इथे नको. दोघांनी "पण पब्लिक माहिती आहे ना" म्हणून सुनावलं. ॲडमिनने पोस्ट काढली, त्याचे आभार.

मैत्रिणीच्या लिलावाची तारीख अजून पुढे ढकलता येते. मी तिला विचारलं, पाकिटं किती? म्हणाली, मोजली नाहीत. उद्या सकाळी अकराला ती माझ्याकडे येते आहे. न उघडलेली आहेत तशीच आण म्हटलंय. डायनिंग टेबल मोकळं केलंय, पंचिंग मशीन आणि तीन इंची बाइंडर काढून ठेवलाय. त्या काउन्सेलर बाईंनी शिकवलं तसं पोस्टाच्या शिक्क्याच्या तारखेप्रमाणे लावत जाऊ, सगळ्यात जुनं पाकीट आधी.