जेवायचा हात कोणता?

रात्री अकराच्या आत एका माणसाचा मेंदू रंगवून झोपायचे, एवढाच माझा बेत होता. त्या माणसाने उजव्या हाताची बोटे अंगठ्याला टेकवत एमआरआय स्कॅनरमध्ये आठ मिनिटे काढली होती, आकडेमोड दुपारीच उरकली होती आणि पायथॉन या संगणकीय भाषेत आज्ञा देऊन आकृती तेवढी काढायची राहिली होती.

पहिल्याच आज्ञेला पडद्यावर चाळीसएक लाल ओळी आल्या. लग्नपत्रिकेतील ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ओलांडून जसा थेट कार्यालयाचा पत्ता पाहावा, तशी मी शेवटची ओळ पाहिली: तीन मितींची प्रतिमा हवी होती, तुम्ही चार मितींची दिली. चौथी मिती काळाची. दर दोन सेकंदांना एक याप्रमाणे 240 मेंदू असलेली मूळ फाइलच मी निकालाच्या नकाशाऐवजी दिली होती.

ती बदलली, तर आकृती कोरी! चौकट होती, अक्ष होते, रंगपट्टी होती. रांगोळी काढून, पाट मांडून, समई लावून पानात काहीच वाढू नये, तसा प्रकार. तासाभराने उलगडा झाला. आकडेमोड करणारी एसपीएम ही प्रणाली मेंदूबाहेरच्या जागी शून्याऐवजी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’, असे लिहून ठेवते आणि रंगपट्टीची वरची मर्यादा मी त्याच आकड्यांतून काढत होतो. 91×109×91, म्हणजे नऊ लाखांहून अधिक घनकणांत (प्रतिमेच्या इवल्या ठोकळ्यांत) एक ‘नॅन’ असला, तरी साऱ्यांचे कमाल मूल्य ‘नॅन’च येते, लिंबाचा थेंब दुधाचे प्रमाण विचारत नाही. ‘मॅक्स’च्या जागी ‘नॅन’ वगळून कमाल काढणारे ‘नॅनमॅक्स’ लिहिले आणि मेंदू उजळला.

खरी भीती तेव्हा वाटली, कारण आता तक्रार कोणीच करत नव्हते. उजव्या हाताला मेंदूचा डावा भाग हलवतो. माझ्या आकृतीत त्या हालचालीचा रंगीत ठिपका डावीकडे होता, पण खात्रीसाठी तीच फाइल दुसऱ्या प्रणालीत उघडली, तर तो उजवीकडे. मी पडद्यासमोर एकदा हा, एकदा तो हात वर करून पाहत असताना आई पाणी प्यायला उठली.

“अरे, अजून डावा-उजवा कळत नाही? जेवायचा हात कोणता?”

दोन्ही आकृत्या बरोबर होत्या. एक प्रणाली डावे डावीकडेच दाखवते. दुसरी क्ष-किरण तज्ज्ञांच्या प्रथेने, रुग्णाच्या पायांशी उभे राहून पाहावे तशी, डावे उजवीकडे. दोघी दिशा ठरवतात ती मात्र फाइलीत नोंदलेल्या 4×4 आकड्यांच्या एकाच तक्त्यावरून, म्हणजे तोच चुकला असेल तर दोघी एकमताने खोटे बोलणार. यावर जुना उपाय असा, की स्कॅनच्या वेळी उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवावी. ती चित्रात पांढरी चमकते.

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानात ती मागितली.

“केसांसाठी का?” दुकानदाराने विचारले.

“नाही, उजवी बाजू कळावी म्हणून.”

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पाकिटावर लिहून दिले: रोज एक, जेवणानंतर.