चंद्रताल अजून पाहिलेला नाही

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला मोटरसायकलने जाऊन आलो असे सांगितले की लोक पहिला प्रश्न चंद्रतालचाच विचारतात, आणि आम्ही त्या तळ्याच्या वाटेवर लागूनही अर्ध्यातून मागे फिरलो हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते, तिची आता मला सवय झाली आहे. ही पोस्ट त्या मागे फिरण्याविषयी आहे. मित्रांनी मिळून कच्च्या रस्त्यांवरचा लांबचा प्रवास करायचा असेल, तर गाडी, टायर आणि जॅकेट यांच्या चर्चेआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. कोणाही एकाने ‘नको’ म्हटले की सर्वांनी थांबायचे, त्याला कारण विचारायचे नाही आणि पुढे कधीही त्यावरून चिडवायचे नाही. यातली तिसरी अट पाळायला सर्वांत अवघड आहे.

आम्ही चौघे एकाच वसतिगृहात वाढलो. एक शाळेत गणित शिकवतो, एक दंतवैद्य आहे, एकाची नाशिकजवळ द्राक्षबाग आहे आणि मी कारकुनी करतो. वयाने सगळे पंचेचाळिशीच्या पुढेमागे. आपण एकमेकांना इतके ओळखतो, तेव्हा रस्त्यावर काय अडचण येणार, असे अशा मंडळींना वाटते, आणि नेमका तिथेच धोका असतो. अनोळखी माणसांसमोर ‘मला हे जमणार नाही’ म्हणायला जेवढे धैर्य लागते त्याहून जास्त ते मित्रांसमोर लागते, कारण अनोळखी माणूस घरी गेला की विसरतो आणि मित्र तीच गोष्ट पुढच्या प्रत्येक लग्नात, पंगत बसलेली असताना, नव्या पाहुण्यांना सांगतात.

हे आम्हाला हिमालयात कळले नाही. ते कळले वेल्ह्याच्या बाजूला, पावसाळ्यात, सरावासाठी गेलो होतो तेव्हा. दोघांनी एक ओढा पार केला म्हणून तिसऱ्याने, म्हणजे बागायतदार मित्राने, गाडी आत घातली आणि मधल्या शेवाळलेल्या दगडावरून ती आडवी झाली. सायलेन्सरला लागून त्याची पोटरी भाजली. संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला की गाडी पडणार हे त्याला काठावरच कळले होते. मग थांबला का नाहीस, असे विचारल्यावर तो नुसता हसला, आणि त्याच रात्री आम्ही वर लिहिलेला नियम ठरवला.

जूनच्या अखेरीस गाड्या रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला पाठवल्या. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून, आरसे उतरवून आणि गोणपाटात शिवून गाडी ताब्यात द्यायची हा सोपस्कार ज्यांनी केला आहे, त्यांना त्यात किती वेळ जातो हे सांगायला नको. दोन जणांकडे ४११ सीसीची हिमालयन होती आणि दोघांकडे एक्सपल्स. दोन्ही गाड्यांचे पुढचे चाक २१ इंचांचे आणि जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर असल्यामुळे गोट्यांवरून आणि खड्ड्यांतून त्या निभावून नेतात, एवढे सांगितले म्हणजे गाड्यांविषयी पुरे. कोणती गाडी चांगली, या वादात आमची कित्येक संध्याकाळी वाया गेल्या आहेत.

रस्त्याची निवड मात्र महत्त्वाची होती. मनालीकडून गेले तर सुमारे २,००० मीटरवरून निघालेला माणूस त्याच दिवशी कुंझुम ला या ४,५५१ मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचतो, आणि शरीराला हा हिशेब मान्य नसतो. सिमला, नारकंडा, रामपूर, कल्पा असे सतलजच्या कडेकडेने किन्नौरमधून गेले तर चार-पाच दिवस जास्त लागतात, पण चढण हळूहळू अंगवळणी पडते. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून वळणावळणांनी रस्ता नाकोकडे चढतो. हिरवळ मागे राहते आणि डोंगर अशा रंगांचे होतात की आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना ते आधी उजाड आणि मग हळूहळू सुंदर वाटू लागतात.

पहिला ‘नको’ नाकोलाच आला. साडेतीन हजार मीटरच्या वरचे ते गाव. सकाळी सामान बांधत असताना दंतवैद्य मित्र म्हणाला की रात्रभर डोके ठणकत होते, मळमळ अजून आहे आणि आज निघायला नको. उंचीचा त्रास सुरू असताना आणखी वर चढायचे नाही आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचे, हा नियम त्याने स्वतःच आम्हाला घरी पाठ करून घ्यायला लावला होता. स्वतःवर वेळ आल्यावर मात्र हे बोलायला त्याला पहाट उजाडावी लागली. आम्ही थांबलो. तो झोपून राहिला, आम्ही गावातल्या तळ्याभोवती फिरलो, दुपारी त्याने खिचडी मागितली तेव्हा जिवात जीव आला. आमच्या वेळापत्रकात एकच मोकळा दिवस होता, तो असा खर्च झाला. हा एक दिवस पुढे महाग पडणार होता, पण त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही.

ताबोचा इसवी सन ९९६ मधला मठ पाहून, काझाला पेट्रोल भरून आम्ही चंद्रतालच्या दिशेने निघालो. निघायला मात्र उशीर झाला, कारण माझ्याच गाडीची क्लच केबल तुटली आणि ती बदलण्यात जवळजवळ तीन तास गेले. लोसारनंतर चढ सुरू झाला तशी गाड्यांची ताकद ओसरू लागली. कुंझुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास उरतो. इंधनाचे प्रमाण यंत्र आपोआप कमी करते, पण नसलेला प्राणवायू ते कुठून आणणार? पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत वर पोहोचलो, रिवाजाप्रमाणे कुंझुम देवीच्या मंदिराला गाड्यांसह प्रदक्षिणा घातली आणि बातलच्या बाजूला उतरताना उजवीकडच्या चंद्रतालच्या वाटेला लागलो. तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते.

बर्फ वितळून वाहणाऱ्या पाण्याचे एक वेळापत्रक असते आणि ते आपल्या सुट्टीशी जुळत नाही. रात्री थंडीने वितळणे मंदावते, म्हणून पहाटे ओढे सर्वांत उथळ असतात. उन्हे चढतील तसे पाणी वाढते आणि दुपारनंतर ते भरात येते. आमच्यासमोरचा ओढा आठ-दहा पावलांचाच होता, पण मी काठी घेऊन चालत गेलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर लागले, आणि तळाचे नारळाएवढे गोटे पायाखाली सरकत होते. अशा पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर स्टार्टर दाबायचा नसतो, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढायची, स्पार्क प्लग काढायचा, पाणी उडवून टाकायचे आणि मग पुढचे. हे सगळे ओल्या कपड्यांनी, चार हजार मीटरच्या वर, मावळतीला, मोबाइलला रेंज नसताना करायचे होते.

तरीही मी गाडीवर बसलो. एअर फिल्टर पाण्याच्या वर राहील, पहिल्या गिअरमध्ये एकसारखा थ्रॉटल ठेवायचा, नजर पलीकडच्या काठावर, एक जण प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभा, असे सगळे ठरले. तेवढ्यात मास्तर हेल्मेट काढून म्हणाले, ‘नको.’ त्यांना आम्ही वसतिगृहापासून मास्तरच म्हणतो.

मला राग आला, हे कबूल करतो. नियम काढणारा मी आणि त्याचा सर्वांत जास्त जाच झाला तोही मलाच. शिवाय तो ओढा मी त्या दिवशी पार केला असता, असे मला आजही वाटते. आम्ही काठावर गाड्या वळवत होतो तेव्हा मागून आलेल्या दोन मुलांनी आमच्यासमोर आपल्या गाड्या पाण्यात घातल्या, जरा डळमळत पण न पडता पलीकडे गेले आणि तिथून आम्हाला हात हलवून बोलावू लागले. त्या क्षणी मास्तरांच्या तोंडाकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. पण हे असे घडले म्हणूनच मला तो नियम अधिक पटतो. ‘नको’ म्हणणाऱ्याचा अंदाज बरोबर ठरला तरच त्याचे ऐकायचे असेल, तर प्रत्येक जण बोलण्याआधी स्वतःचा अंदाज तपासत बसेल, आणि वेल्ह्याच्या ओढ्याकाठी जे झाले तेच पुन्हा होईल. मास्तरांना तो ओढा धोक्याचा वाटला एवढे पुरेसे होते. तो खरोखर धोक्याचा होता का, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आमचे एकमत अजून झालेले नाही.

बातलच्या ढाब्यात रात्र काढली. राजमा-भात आणि जाडजूड रजया मिळाल्या, पण जेवताना कोणी फारसे बोलले नाही. मास्तर काहीतरी सांगू लागले तेव्हा दंतवैद्याने त्यांना थांबवले आणि ‘नियमात माफी मागण्याची तरतूद नाही’ असे म्हणून पुन्हा भात वाढला. पहाटे उठलो तर ढाब्यासमोरून वाहणारे ओहोळ निम्म्यावर आले होते. तेव्हा चंद्रतालला जाता आले असते. पण रजा संपत आली होती, दिल्लीतून परत पार्सल करण्याचा दिवस ठरलेला होता आणि मोकळा दिवस नाकोला वापरून झाला होता. मनालीकडे निघालो.

बातल ते ग्रामफू हे सुमारे ५० किलोमीटर आम्हाला पाच तास पुरले. तिथे रस्ता आणि नदीचे पात्र यांत फारसा भेद नाही. टायरमधली हवा थोडी कमी करून, फूटरेस्टवर उभे राहून चालवले की गाडी आपली वाट आपण शोधते, तिच्याशी झटापट केली की ती पाडते. एवढे ज्ञान सांगणारा मी त्या दिवशी पडलो तो मात्र उभ्या गाडीवरून, फोटोसाठी थांबलो असताना, पाय टेकवायला गेलो तिथे जमीनच नव्हती म्हणून. त्यानंतर अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर गुळगुळीत डांबर लागले तेव्हा चौघांनाही गाडी बिघडली की काय असे वाटले, कारण कसलाच खडखडाट होत नव्हता.

मोठ्या गटाने, आयोजकाला पैसे भरून जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. गाडी दुरुस्त करणारा माणूस आणि सामानाचा टेम्पो बरोबर असणे ही मोठी सोय आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की तिथे वीस जणांचे तंबू आधीच राखून ठेवलेले असतात, त्यामुळे कोणताही संकोची माणूस ‘आज नको’ म्हणणार नाही, आणि म्हटला तरी त्याला टेम्पोत बसवून बाकीचे पुढे जातील. २०२३ च्या जुलैमध्ये अवेळी पडलेल्या बर्फामुळे चंद्रतालच्या तंबूंमध्ये अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना मोठ्या कष्टाने बाहेर काढावे लागले. वेळापत्रकात निदान दोन दिवस रिकामे असावेत, हे आम्ही आता शिकलो आहोत. ते ज्यांना परवडत नाहीत त्यांनी रस्ता छोटा करावा, दिवस नव्हे.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचे ठरते आहे. मला चंद्रताल हवा आहे, मास्तरांना झांस्कर. त्या ओढ्याचा विषय गेल्या वर्षभरात एकदाच निघाला, द्राक्षबागवाल्याच्या पुतण्याच्या लग्नात, आणि तो मीच काढला. अर्धे वाक्य बोलून झाले होते, एवढ्यात दंतवैद्याने माझ्याकडे पाहिले. मी जिलेबी मागितली.